बाबा एकटे चालायचे ती गल्ली

माझ्या वडिलांना दिसत नाही हे मला गिरगावात असताना माहीत होतं, पण ते खरं जाणवलं वडाळ्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. गिरगावात त्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी रोज सकाळी ते चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून एकटे खाली उतरायचे, गल्लीच्या नाक्यापर्यंत जाऊन दूध आणि पेपर घेऊन यायचे. पेपर आई वाचून दाखवायची, आणि आधी निधनवार्ता वाचते म्हणून रोज बोलणी खायची. संध्याकाळी बाबा चौकातल्या बाकावर जाऊन बसायचे. परत वर येताना एखाद्या दारात थांबून, "आज सुरमई वाटतं," असं म्हणून पुढे जायचे. चाळीत कुणी नवा माणूस आला तर यांना दिसत नाही हे त्याला सांगावं लागायचं, आणि सांगितलं तरी त्याला ते पटायचं नाही.

काचबिंदू होता. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांनी जपली, पण ती कडेकडून आत आत जातच राहिली. एक बरं झालं, तिला घाई नव्हती. त्यामुळे चाळ अंगात मुरवून घ्यायला बाबांना भरपूर वेळ मिळाला. डोळ्यांतून जे जे गेलं ते त्यांनी हातापायांत आणि कानात साठवून ठेवलं.

लोकांना वाटायचं, ते पायऱ्या मोजत असणार. कुणी कौतुकाने तसं विचारलं की बाबांच्या नाकावर राग यायचा. "आयुष्यभर हेडक्लार्क होतो म्हणून जिन्यावरही कारकुनीच करू का?" ते म्हणायचे. मोजणं त्यांनी कधीच केलं नाही. आमच्या लाकडी जिन्याची एकेक पायरी वेगवेगळी झिजली होती, कुठली मधे, कुठली कठड्याच्या बाजूला, आणि वळणावरच्या खिडकीला काच नसल्यामुळे तिथलं लाकूड कायम गार असायचं. गॅलरीत आलं की उजवा हात कठड्यावर. कठडा सागवानी, वरची पट्टी किती पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. पण प्रत्येक दारासमोर तिची तऱ्हा वेगळी. पहिल्या घरासमोर ती ओलसर लागायची, कारण तिथल्या काकू कपडे न पिळताच वाळत घालत. पुढच्या घरासमोर दोरी बांधायचा खिळा. मग डाव्या बाजूला पाण्याचं पिंप, त्याच्यावर बोटं आपटली की भरलंय का रिकामं ते कळायचं. मग चपलांची मांडणी, मग एक बंद पडलेलं शिवणयंत्र, मग डब्यातली तुळस, आणि तुळशीनंतर आमचं दार.

मी आर्किटेक्ट आहे. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या दोन-तीन टॉवरांच्या लॉब्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. आमच्या धंद्यात गॅलरीला पॅसेज म्हणतात, आणि पॅसेज म्हणजे माणसाला लिफ्टपासून दारापर्यंत पोचवणारी वाया गेलेली जागा. ती जितकी कमी तितका आर्किटेक्ट हुशार. कामावरून मी चाळीत परत यायचे तेव्हा त्या वाया गेलेल्या जागेत माझे वडील हात टेकून उभे असायचे, आणि माझ्या पावलांवरून ओळखून म्हणायचे, "आज फार दमलीस गं." माझं लग्न झालं, मी दादरला राहायला गेले, तरी आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य ऐकायला मी गिरगावात जायचे. घरी दुसरं कुणी मला असं म्हणत नाही.

एकदा मजल्यावरच्या लोकांनी मोठा घोटाळा केला, तोही अगदी चांगल्या मनाने. झालं असं की कुणाच्या तरी पोराने नवी सायकल गॅलरीत लावली आणि बाबांची नडगी त्यावर आपटली. रक्त आलं. अख्खा मजला हळहळला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एका लग्नाला दादरला गेलो होतो. तेवढ्यात सेक्रेटरींनी सगळ्यांना कामाला लावलं. सेक्रेटरी म्हणजे शेवटच्या खोलीतले काका. बोलायला तिखट, पण कुणाच्या घरी आजारपण आलं की डबा घेऊन पहिले हजर. "त्यांना दिसत नाही, आणि आपण सगळ्यांनी रस्त्यात संसार मांडलाय, लाज वाटली पाहिजे," असं म्हणून त्यांनी गॅलरी मोकळी करायला घेतली. पिंपं मोरीत गेली, चपला आत गेल्या, तुळस खिडकीत चढली, शिवणयंत्र भंगारवाल्याने नेलं. लादी फिनेल घालून धुतली. मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वस्तू म्हणून ठेवली नाही. मग सगळे आमची वाट बघत दारादारांत उभे राहिले.

आम्ही लग्नाहून आलो. आई गुडघ्यांमुळे मागे होती, मी तिच्याबरोबर. बाबा नेहमीसारखे पुढे गेले. जिना चढून गॅलरीत पाऊल टाकलं आणि थांबले. हात कठड्यावर होता. डावा हात त्यांनी पिंपासाठी पुढे केला, तिथे पिंप नव्हतं. दोन पावलं पुढे गेले, परत थांबले. सगळे बघत होते की आता हे खूश होतील. बाबा कठडा धरून हळूहळू चालत राहिले, फिनेलच्या वासापुढे त्यांना कुठल्याच घराचा वास लागेना, आणि एका उघड्या दारातून आत शिरून सरळ खाटेवर बसले. "पाणी दे गं," म्हणाले. ते घर आमच्या अलीकडच्या काकूंचं होतं. त्यांच्या सुनेने काही न बोलता पाणी आणून दिलं. तांब्या हातात घेतल्यावर बाबांना कळलं की हा आपला नाही.

मग हशा झाला. बाबाही हसले, सगळ्यांत मोठ्याने. "अरे, मला वाटलं मी तिसऱ्या मजल्यावर चढलो!" पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. पुढचे काही दिवस ते खाली उतरले नाहीत. अंगात कसकस आहे म्हणाले.

सेक्रेटरी काका हुशार माणूस. ते घरी येऊन बसले, चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "आमचं जरा चुकलंच. कुठे काय होतं ते तुम्हीच सांगा, आम्ही मांडतो." बाबा दारात उभे राहून सांगत होते आणि अर्धा मजला पिंपं उचलत होता. "अजून जरा इकडे. अं हं, एवढं नको. ती मांडणी भिंतीला चिकटून नव्हती, तिच्यामागे झाडू असायचा." झाडूसुद्धा आणला. फक्त शिवणयंत्र गेलं ते गेलंच. तिथे एक भरलेली गोणी ठेवली, पण पुढची कितीतरी वर्षं त्या जागेवर आले की बाबांचं पाऊल किंचित अडखळायचं, जेवता जेवता घासात खडा लागावा तसं.

मला तेव्हाच थोडं कळायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. कळलं होतं. पण कळून करायचं काय, हा प्रश्न होता, कारण त्याच चाळीत माझी आईही राहत होती.

आईचं त्या चाळीशी कधीच जमलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगितलं होतं की दोन-चार वर्षांत आपण ब्लॉक घेऊ. ब्लॉक म्हणजे ज्याच्या आत स्वतःचा संडास असतो असं घर. गिरगावातल्या बायका हा शब्द ज्या आवाजात उच्चारायच्या तो आवाज मी दुसऱ्या कुठल्याच शब्दासाठी ऐकलेला नाही. ब्लॉक काही झाला नाही. आई सगळा जन्म बालदी घेऊन मजल्याच्या टोकाला जात राहिली, आजारपणात, बाळंतपणात, घरात पाहुणे बसलेले असताना त्यांच्यासमोरून. चाळीवर कुणी गोडगोड बोलायला लागलं की ती म्हणायची, "बालदी धरून बघा, मग सांगा." तिच्यापुढे मी कधी चाळीचं कौतुक केलं नाही. माझी हिंमतच नव्हती.

त्यामुळे पुनर्विकासाची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या घरात भांडण व्हायला हवं होतं. ते झालं नाही. सभा चौकातच भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठा पडदा, त्यावर बिल्डरच्या माणसाने नव्या टॉवरची फिल्म लावली. वर बाग, खाली पोहण्याचा तलाव, आणि तलावाकाठी आमच्यापैकी कुणासारखेच न दिसणारे लोक. बाबा पहिल्या रांगेत बसून फिल्मचं संगीत ऐकत होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर त्यांनी हात वर केला.

"कठडा आहे का?"

"सर, बाल्कनीला ग्लास रेलिंग आहे. एकदम प्रीमियम," तो म्हणाला.

"बाहेर हो. दारासमोर."

"बाहेर लॉबी आहे ना सर. टोटल प्लेन."

लोक हसले. बाबाही मान हलवून बसले. आणि मग संमतीसाठी हात वर करायला सांगितल्यावर पहिला हात त्यांचा होता.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही हो का म्हणालात? तिथे तुमचं कसं होणार?"

आई आत होती. बाबांनी आवाज खाली आणला. "जिना चढताना तिचे गुडघे वाजतात. तुम्हाला नाही ऐकू येत, मला येतात. वरच्या वळणावर ती थांबते आणि मला वाटू नये म्हणून उगाच बांगड्या सारखी करते." मग म्हणाले, "माझं काय, मी परत शिकेन. एकदा शिकलो ना?"

मी त्यावर विश्वास ठेवला. त्यांनीही ठेवला असावा.

चाळ रिकामी झाली. सगळे पांगले, कुणी डोंबिवलीला, कुणी मुलाकडे विरारला. सेक्रेटरी काका आजारी बहिणीच्या सोबतीला तिच्याकडे अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत गेले. आईबाबांसाठी वडाळ्याला फ्लॅट भाड्याने घेतला, माझ्या घरापासून जवळ म्हणून. आईने पहिल्या दिवशी बाथरूमचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं, आणि बाहेर येऊन पदराने डोळे पुसले. तिचा तो आनंद खरा होता. ती त्या फ्लॅटमध्ये दहा वर्षांनी तरुण झाली. शेजारणींबरोबर खालच्या बागेत फिरायला जाऊ लागली. सून नाही म्हणून सुनेबद्दल बोलता येत नाही, एवढीच तिची तक्रार.

बाबा पलंगावर बसून राहिले.

मी त्यांना घरात फिरवलं, भिंतींना हात लावून दाखवलं. भिंती सगळ्या सारख्याच गुळगुळीत. लादी एकसारखी, कुठे सांधासुद्धा पायाला लागत नाही. खोल्यांमध्ये आवाज कुठून येतो ते त्यांना कळेना, कारण एसी सगळीकडे एकाच सुरात गुणगुणत होता. बाहेर लॉबीत चार दारं, चारही एकाच मापाची, एकाच रंगाची, समोरासमोर. मी स्वतः अशा लॉब्या काढल्या आहेत. त्या बघायला फार सुंदर दिसतात, आणि बघण्यापलीकडे त्यांत काहीच नसतं हे मी बाबांचा हात धरून तिथे उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

एका दुपारी आई झोपली असताना ते एकटे बाहेर पडले. लिफ्टचं बटण शोधलं, खाली गेले, वॉचमनशी दोन शब्द बोलले. इथपर्यंत सगळं नीट झालं. वर येताना लिफ्ट मधल्या कुठल्यातरी मजल्यावर थांबली आणि ते उतरले. लॉबी तशीच, वास तसाच, पायाखालची लादी तशीच. त्यांनी आपलं समजून एका दाराची बेल वाजवली. दार साखळी लावूनच उघडलं आणि आतून एक बाई म्हणाली, "कुछ नहीं चाहिए." बाबा माफी मागून मागे सरले, आणि मग लिफ्ट कुठल्या बाजूला होती तेच त्यांना आठवेना. इंटरकॉम वाजला म्हणून आई जागी झाली, वॉचमन त्यांना वर घेऊन आला. त्या बाईंची काही चूक नव्हती. कुणाला काय माहीत.

"ठीक आहे, काही झालं नाही," असं बाबा मला फोनवर म्हणाले. त्यानंतर ते एकटे उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. तसा तिथे उंबराही नव्हता.

मी हातपाय मारले. पांढरी काठी आणली. शिकवायला एक बाई आल्या, फार चांगल्या, धीराच्या. बाबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, काठी टेकत घरात फिरून दाखवलं, त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर काठी दारामागे उभी करून ठेवली. "यात काठी कळते," म्हणाले, "जागा नाही कळत." मी चिडले. म्हटलं, जगभरातली माणसं काठीने चालतात, तुम्हालाच काय धाड भरली आहे? पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला नवी भाषा शिकवायला निघाल्यासारखं माझं चाललं होतं, आणि मास्तरीण होऊन वर त्यांनाच ओरडत होते.

मग मी नव्या टॉवरच्या मागे लागले. बिल्डरच्या आर्किटेक्टला जाऊन भेटले. तरुण मुलगा, नम्र, नकाशा पसरून बसला. मी म्हटलं, आमच्या मजल्यावर लिफ्टपासून दारापर्यंत भिंतीला एक लाकडी कठडा द्या, साधा, हाताच्या उंचीचा. वळणावर लादी बदला, खरखरीत घ्या. दारांना वेगवेगळी चौकट करा. तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला लॉबी व्हिज्युअली क्लीन ठेवायची आहे." हे वाक्य मीही लोकांना पुष्कळदा ऐकवलं आहे, त्यामुळे त्याच्यावर रागावता आलं नाही. मी त्याला बाबांबद्दल सांगितलं. त्याने पेन्सिल काढून लॉबीच्या भिंतीलगत एक बारीक रेघ ओढली. नंतर पक्क्या नकाशातही ती रेघ आली. मी तो कागद घरी नेला आणि बाबांचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. कागदच तो, बोटाला काय लागणार? पण त्यांनी ते बोट शेवटपर्यंत नेलं, आणि म्हणाले, "म्हणजे दार डाव्या हाताला." मी हो म्हटलं. त्या दिवशी रात्री आईने सांगितलं की ते बरेच दिवसांनी नीट जेवले.

टॉवर व्हायला अजून वेळ आहे. किती, ते कुणी सांगत नाही.

त्यांना गिरगावात घेऊन जायची कल्पना आईची. "घरात बसून बसून त्यांचे पाय जातील, आणि मग नव्या घरात गेले तरी काय चालणार?" ती म्हणाली, आणि तेच तर माझ्याही मनात सारखं टोचत होतं. एका रविवारी सकाळी टॅक्सीने आम्ही दोघं गल्लीच्या नाक्यावर उतरलो. आमची गल्ली अरुंद, नाक्यापासून सरळ जाते आणि मग वळते. आधी एक लॉन्ड्री, कोळशाच्या इस्त्रीचा ऊबदार वास. मग पिठाची गिरणी, जिच्याजवळ जमीन पायाखाली थरथरते. मग एका आंटींचं जुनं लाकडी घर, बाहेर ओटा, ओट्यावर बाक. आंटी ख्रिश्चन, त्यांचं घर आमच्या चाळीहूनही जुनं. मग वळण, आणि वळणानंतर आमचं फाटक.

मी बाबांच्या कोपराला हात लावला. त्यांनी तो अलगद काढला. "राहू दे," म्हणाले.

आणि ते चालायला लागले. वडाळ्याला पलंगाच्या कडेवरून पाय खाली ठेवताना चाचपडणारा माणूस गल्लीच्या डाव्या अंगाने ताठ चालत निघाला. लॉन्ड्रीसमोर त्यांनी मान किंचित वळवली, तिथल्या भैयाने "आइये साहब, बहुत दिन" अशी हाक मारली, त्याला हात केला. गिरणीपाशी उभ्या असलेल्या स्कूटरला वळसा घालून गेले, ती कशी कळली देव जाणे. आंटींच्या ओट्यावर बोटं टेकवली.

"काय साहेब, विसरला आम्हाला?" आंटी आतून ओरडल्या.

"तुमचा मसाला भाजायचा वास वडाळ्यापर्यंत येतो, विसरणार कसा?" बाबा म्हणाले.

मी मागे चालत होते आणि मला रडू येत होतं. भर रस्त्यात, एवढी मोठी बाई. मला ते हवे होते, हे बाबा. कठड्याला हात लावून उभे राहणारे, माझ्या पावलांवरून मला ओळखणारे. ते कुठे हरवले नव्हते, इथेच ठेवलेले होते, या चारशे-पाचशे पावलांच्या गल्लीत.

वळणावरून ते बरोबर वळले. फाटकाच्या जागेवर आले, आणि सवयीने उजवीकडे शिरायला गेले. हात पत्र्यावर आपटला. दण्ण आवाज झाला. मी धावले. सांगितलं होतं त्यांना, चाळ पाडली, भोवती पत्रे लावलेत. त्यांनाही माहीत होतं. पण अंगाला माहीत नव्हतं. ते पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"आत काय आहे?"

"खड्डा आहे, बाबा. मोठा. पायाचं काम चाललंय."

त्यांनी तोंड वर केलं. डोळे मिटलेलेच होते. चेहरा बरोबर त्या उंचीला नेऊन थांबवला जिथे आमची गॅलरी होती. मी तिकडे बघितलं. तिथे आभाळ होतं, आणि लांब मागच्या कुठल्यातरी इमारतीची क्रेन. मला एवढं रिकामं कधी वाटलं नव्हतं.

पण परतताना ते खुशीत होते. टॅक्सीत गप्पा मारल्या. पुढच्या रविवारी येऊ म्हणाले. मग दर रविवार ठरूनच गेला. आई डब्यात शिरा भरून द्यायची, तो आंटींच्या ओट्यावर बसून आंटी धरून आम्ही तिघं खायचो. बाबांचे पाय सुधारले. वडाळ्यालाही ते आता घरातल्या घरात फिरायला लागले. मला वाटलं, जमलं. टॉवर होईपर्यंत ही गल्ली त्यांना पुरेल.

गल्लीनेही मग कूस बदलली. आधी वळणापलीकडची दोन मजली इमारत रिकामी झाली. काही रविवारांनी तिच्याभोवती पत्रे आले. मग समोरची चाळ, जिच्या तळमजल्यावर जिम होती आणि वजनं आपटल्याचा आवाज बाबांना वळण सांगायचा. वळणाच्या दोन्ही बाजूंना पत्रे झाले तसे बाबा तिथे सावकाश चालू लागले. पत्र्यांतून सगळे आवाज सारखेच परत येतात, असं म्हणाले. पुढच्या वेळेला त्यांनी वळणापाशीच पाय थांबवला आणि म्हणाले, "फाटकापर्यंत कशाला जायचं? तिथे आहे काय?" आम्ही आंटींकडे परत आलो.

ओट्यावर बसलो असताना आंटी म्हणाल्या, "साहेब, मी पण साइन केला. काय करणार? वासे पार पोकळ झाले. पावसात मी छत्री घेऊन झोपते." बाबा म्हणाले, "बरं केलंत." ते मनापासून म्हणाले. त्यांनी आंटींना नव्या घरात काय काय मागून घ्यायचं ते सांगितलं, तासभर. मी ऐकत बसले. मी कुणाला दोष देऊ? आंटींना कोरडं झोपायचं होतं, आईला संडास हवा होता, तो आर्किटेक्ट मुलगा भला होता आणि मी स्वतः दुसऱ्यांच्या गल्ल्यांत हेच करून पोट भरते.

नंतर बाबांना ताप आला, मग माझं एक काम आलं, काही रविवार राहिले. गेल्या महिन्यात गेलो.

बाबा नाक्यावरून निघाले. लॉन्ड्री आली, गिरणी आली. गिरणी सुरू होती, त्यांनी पायाने तिची खात्री करून घेतली आणि पाऊल उचललं. मी मागे होते. मला लांबूनच दिसलं होतं, पण मी त्यांना थांबवलं नाही. ते ओट्याच्या जागेवर आले आणि डावा हात पुढे केला. बोटं हवेत राहिली. त्यांनी हात अजून लांब केला. मग पुढे वाकून चाचपलं, आणि बोटं पत्र्याला लागली.

ते सरळ उभे राहिले. वाऱ्याकडे तोंड करून थोडं ऐकलं.

"आंटी गेल्या का?"

"हो. बोरिवलीला."

"पुढे काय आहे?"

"पत्रे."

"वळणापर्यंत?"

"वळणापर्यंत पत्रेच आहेत, बाबा. दोन्ही बाजूंना."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, परत फिरू म्हणतील. मीच म्हणणार होते. पण त्यांनी उजवा हात कोपरात दुमडून माझ्याकडे केला, धरायला.

"चल," म्हणाले, "इथून पुढे तू सांग."

मी त्यांचा हात धरला. त्यांना खरंच पुढे जायचं होतं, फाटकापर्यंत. आणि मी तिथे गल्लीच्या मधोमध उभी राहून बघत राहिले, निळे पत्रे, त्यांवर टॉवरांची चित्रं, खाली चिखल. सांगायला तोंड उघडलं. मला सगळं दिसत होतं, आणि त्यांना सांगता येईल असं त्यात काहीच नव्हतं.

"सरळच आहे, बाबा," एवढंच मी म्हटलं, आणि आम्ही चालायला लागलो.